रोगमुक्तीनंतरचे दुखणे

(रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास, संतवाङ्मय किंवा फार झाले तर अर्थकारण यांपैकी एखादा विषय निवडावा, असा आपल्याकडे प्रघात आहे; आणि वक्ता वैद्यकव्यवसायी असेल तर त्याने हृदयविकार, मधुमेह अथवा दीर्घायुष्य यांवर बोलावे, म्हणजे व्याख्यान संपल्यावर शेजारच्या खुर्चीतील परिचिताशी नजर मिळविताना कोणाचीच अडचण होत नाही. संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती, आणि मी कळविलेला विषय त्यांनी काटछाट न करता निमंत्रणपत्रिकेवर छापला, याबद्दल त्यांच्या धैर्याची नोंद मी आरंभीच करतो. विषय असा : लैंगिक संसर्गाने होणाऱ्या रोगावर यथासांग उपचार झाले, स्राव थांबला, ताप उतरला, सूज ओसरली, तपासणीचा अहवालही निर्दोष आला, आणि तरीसुद्धा वृषणांतील दुखणे महिनोन्महिने हटत नाही, अशा पुरुषाचे आज काय होते आणि काय व्हावयास हवे.

हे दुखणे प्राणघातक नाही, आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकांत त्याची बोळवण एखाददुसऱ्या परिच्छेदात होते. परंतु ज्याला ते जडते त्याला मोटारसायकलवर बसवत नाही, ओझे उचलवत नाही, रात्री कुशीवर वळताना जाग येते, आणि पत्नीजवळ जाण्याची इच्छा व भीती एकदमच उत्पन्न होतात. शिवाय हे सारे कोणाला सांगावे तर सांगण्याजोगे नाही. गुडघा दुखणारा मनुष्य ओटीवर बसून चार जणांना आपल्या गुडघ्याची हकीकत ऐकवितो आणि त्यातच त्याचे निम्मे दुखणे हलके होते. या मनुष्याला ती सवलत नाही.

माझे प्रतिपाद्य थोडक्यात सांगून ठेवतो. अशा रुग्णाच्या बाबतीत बहुधा दोनच निवाडे दिले जातात : एक, रोग अजून आत आहे, सबब औषधाचा आणखी एक कोर्स घ्या, आणि दुसरा, रोग मुळीच उरलेला नाही, सबब दुखणे मनाचे आहे. हे दोन्ही निवाडे पुष्कळदा पुरावा न पाहता दिलेले असतात. जंतूंचा नाश आणि वेदनेची निवृत्ती या दोन भिन्न घटना होत. पहिली काही दिवसांत घडते, दुसरीला कित्येक आठवडे लागतात, आणि क्वचित ती घडतही नाही, कारण मधल्या काळात वेदनेला दुसरेच एखादे अधिष्ठान मिळालेले असते. ही गोष्ट रुग्णाला औषधाची पहिली गोळी देतानाच सांगितली गेली, तर पुढील अनर्थाचा मोठा भाग टळेल.

हा विषय रत्नागिरीला परका नाही, किंबहुना महाराष्ट्रात त्याचा उच्चार प्रथम ज्यांनी निर्भयपणे केला त्यांचे मूळ याच जिल्ह्यात आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ साली दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. ते वैद्य नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. पण १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि जुलै १९२७पासून १९५३च्या ऑक्टोबरात देहावसान होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या मासिकाचे सर्वांत मोलाचे अंग, माझ्या मते, त्यातील मोठमोठे लेख नव्हेत. वाचकांनी विचारलेले खासगी प्रश्न आणि त्यांना संपादकांनी दिलेली सडेतोड उत्तरे, हे होय. जे प्रश्न घरात बापाला, भावाला वा मित्राला विचारता येत नव्हते, ते मनुष्य पोस्टाने कर्व्यांना विचारी, आणि उत्तर छापील अक्षरांत आले म्हणजे तोच प्रश्न मनात दडवून बसलेल्या इतरांनाही ते मिळे.

सरकारने १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला तो नेमका या उत्तरांवर. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयी वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे आक्षेपार्ह ठरविण्यात आली. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले; त्यांचे मूळ गाव आंबडवे हेही याच जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातले. लोक लैंगिक विषयावर प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञानाच्या आधाराने उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा बचावाचा रोख होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक पुढे एकोणीस वर्षे चालले. मुरूडचा एक गणितज्ञ आणि आंबडव्याचा एक बॅरिस्टर मुंबईच्या न्यायालयात एका बाजूला उभे राहून, सामान्य मनुष्याला आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क आहे असे सांगतात, हा प्रसंग या जिल्ह्याच्या इतिहासात आपण जितका मिरवावा तितका मिरवीत नाही.

त्या प्रश्नांमागे जी परिस्थिती होती तीही बऱ्याच अंशी आपल्याच घरची होती. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे सिंधुदुर्गासह अखंड जिल्हा. १९८१ साली तो विभागला गेला. जमीन खडकाळ, खोताचा तगादा मानेवर, आणि घरटी एकदोन पुरुष आगबोटीने मुंबईस जाऊन गिरणीत लागलेले. मुंबईच्या गिरणीकामगारांत सर्वाधिक भरणा रत्नागिरीकरांचा होता. कुटुंब गावी आणि चाकरमानी गिरणगावातील गाळ्यात, दहा-पंधरा जणांत एक खाणावळ, अशा मुंबईत १९२१च्या खानेसुमारीच्या सुमारास दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम पाचशेच्या घरात होत्या. या विषम समाजरचनेने जे रोग पोसले ते शिमग्याला, गणपतीला, पेढ्यांच्या पुड्याबरोबर गावी आले. परमा (गोनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) हे शब्द त्या पिढीला चांगले ठाऊक होते. मात्र ते पुरुषांच्या बैठकीत दबक्या आवाजात उच्चारले जात, आणि ज्या स्त्रियांच्या ओटीत हे रोग पडत त्यांना त्यांचे नावही कळत नसे. वांझ म्हणून जिला सवत आणली, तिच्या वांझपणाचे कारण नवऱ्याच्या मुंबईतील वास्तव्यात होते, असे किती वेळा घडले असेल याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात सापडणार नाही.

परम्याचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट नायसर यांनी १८७९ साली ओळखला. परंतु त्यावर खात्रीचा इलाज मिळण्यास आणखी सुमारे साठ वर्षे जावी लागली. तोपर्यंत पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने मूत्रमार्ग धुणे, चांदीच्या क्षारांचे थेंब आत सोडणे आणि चंदनाच्या तेलाच्या गोळ्या गिळणे, एवढीच सामग्री होती. हे धुणे जरा जोराने झाले की जंतू पुढच्या मार्गातून मागच्या मार्गात लोटले जात, आणि मग एके सकाळी रोगी एका बाजूचे वृषण लिंबाएवढे सुजून, तापाने फणफणत अंथरुणाला खिळे. १९३०नंतरच्या दशकाच्या अखेरीस सल्फा औषधे आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन आले, आणि हा रोग आता इतिहासजमा होणार अशी जगभरच्या वैद्यांची खातरजमा झाली. ती अकाली होती, हे पुढे दिसून आले.

आता शरीररचनेकडे वळतो, कारण ती समजल्यावाचून हे दुखणे समजणार नाही. वृषणाच्या पाठीमागे, त्याला चिकटून, बोटाच्या दोन पेरांएवढा एक लांबट अवयव असतो. त्यास अधिवृषण म्हणतात. बाहेरून तो चार-पाच सेंटिमीटरांचा दिसतो. पण तो वस्तुतः सुमारे सहा मीटर लांबीच्या एकाच अतिसूक्ष्म नळीचे वेटोळे आहे. वृषणात तयार झालेले शुक्राणू या नळीतून प्रवास करीत परिपक्व होतात आणि पुढे शुक्रवाहिनीत जातात. मूत्रमार्गातील संसर्ग याच वाटेने उलट दिशेने चढतो आणि अधिवृषणाच्या शेपटाशी प्रथम ठाण मांडतो. म्हणून ज्याला रोगी ‘अंड दुखते’ असे म्हणतो, ते दुखणे बहुतेक वेळा अंडाच्या मागील या वेटोळ्याचे असते. पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत त्याला कारण बहुधा परम्याचा जंतू किंवा क्लॅमिडिया असतो. त्याहून वयस्कांत प्रॉस्टेटच्या अडथळ्यामुळे लघवीत साचणारे सामान्य जंतू असतात. क्लॅमिडिया हा सूक्ष्म जीव १९०७ साली दिसला खरा, पण तरुणांच्या या रोगाचे तो एक प्रमुख कारण आहे हे १९७०नंतरच्या दशकात निश्चित झाले. तोपर्यंत अशा कित्येक रोग्यांच्या केसपेपरावर ‘कारण अज्ञात’ एवढाच शेरा पडत असे.

आपल्या प्राचीन वैद्यकाला या प्रदेशाची ओळख नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील बाराव्या अध्यायात वृद्धी, उपदंश आणि श्लीपद, म्हणजे अंडाची सूज, जननेंद्रियाचे व्रण आणि हत्तीरोग, यांचा विचार एकत्र केलेला आहे. या तीन व्याधी एकाच अध्यायात गोवण्यामागे जी निरीक्षणदृष्टी आहे ती आजही उपयोगी पडते, हे पुढे दिसेल.

वृषणाची वेदना कमरेपर्यंत का जाते, याचेही उत्तर रचनेत आहे. गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होते आणि जन्मापूर्वी खाली उतरते. उतरताना ते आपल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बरोबर घेऊन येते. त्यामुळे वृषणाला इजा झाली की पोटात कालवते, आणि उलट मूत्रवाहिनीत खडा अडकला की वृषणात कळ येते. वृषणाची फिर्याद आणि पोटाची फिर्याद एकाच कचेरीत दाखल होतात. मूळ वाद कोठला, हे चौकशीवाचून तेथे ठरत नाही.

उपचाराची रीत आज बरीच निश्चित आहे. परम्यासाठी सेफट्रायॅक्झोनचे एक इंजेक्शन आणि क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिवसातून दोनदा, दहा ते चौदा दिवस. सोबत विश्रांती, लंगोट किंवा घट्ट अंतर्वस्त्राचा आधार, वेदनाशामक औषध, आणि रुग्ण व त्याची जोडीदार या दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध वर्ज्य. तीन दिवसांत उतार पडला नाही तर निदान पुन्हा तपासावे, असा दंडक आहे. उतार पडला, तरी अधिवृषणातील काठिण्य आणि स्पर्शासह्यता कित्येक आठवडे राहू शकते. गोळ्या दोन आठवड्यांत संपतात आणि दुखणे दोन महिने चालते, या मधल्या काळात रुग्णाच्या मनात भयाचा प्रवेश होतो.

येथे एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि धंदा यांत फरक केला आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी त्या पावसात दवाखान्यात येतात. अशाच एका दुपारी एक तरुण आला, दार लोटून घेतले, आणि काही न बोलता प्लॅस्टिकच्या पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा काढून टेबलावर एकीशेजारी एक मांडू लागला : सेफिक्झिम, डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, पुन्हा डॉक्सिसायक्लिन. निम्म्या त्याला डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या आणि निम्म्या त्याने औषधांच्या दुकानात नाव सांगून घेतल्या होत्या. वर्षाच्या आतबाहेरचा तो सारा दस्तऐवज मांडून झाल्यावर त्याने एवढेच विचारले, “डॉक्टर, ते अजून आहे काय आत?” बायको बाहेर बाकावर बसली होती, तिला त्याने बर्फाची पेटी उचलताना लचक भरली असे सांगितले होते. तिच्यावर अर्थातच कोणताही उपचार झालेला नव्हता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी काय काय पाहावे लागते, तो क्रम मी मुद्दाम सविस्तर सांगतो. प्रथम रुग्णाला उभा करून, मग आडवा करून, दोन्ही बाजू अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत हळुवार तपासाव्यात : वृषण गुळगुळीत आहे काय, मागील अधिवृषणाचे डोके, मधला भाग आणि शेपूट यांपैकी नेमके कोठे दुखते, शुक्रवाहिनी दोरीसारखी सलग लागते की मध्येमध्ये गाठी लागतात, वरच्या बाजूस फुगलेल्या शिरांचे जाळे आहे काय, खोकताना जांघेत अंतर्गळाचा धक्का बसतो काय. खोली अंधारी करून मागून टॉर्चचा प्रकाश पाडला असता पाणी साचलेली पिशवी तांबूस उजळते आणि घन गाठ काळी राहते. मग लघवी दोन काचपात्रांत. पहिल्या धारेत पूयपेशी व धागे असतील तर मूत्रमार्गाचा दाह अजून आहे असे समजावे. यानंतर सोनोग्राफी. या साऱ्याला फार तर अर्धा तास लागतो. आणि माझा अनुभव असा, की पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत हा अर्धा तास वर्षभरात कोणीही दिलेला नसतो.

या तपासणीतून जी कारणे हाती लागतात, त्यांत पहिले म्हणजे पुनःसंसर्ग. पतीने औषध घेतले आणि पत्नीने घेतले नाही, तर रोग नदीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जातो आणि परत येतो. स्त्रियांत क्लॅमिडियाची लक्षणे बहुधा दिसतच नाहीत, म्हणून ‘तिला काही त्रास नाही’ हा दाखला येथे ग्राह्य धरता येत नाही. दुसरे कारण म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या कुळातील औषधे परम्यावर आपल्या देशात निरुपयोगी झालेली आहेत, तरी दुकानाच्या गल्ल्यावरून ती आजही विकली जातात. शिवाय मायकोप्लाझ्मा जेनिटालियम नावाचा एक सूक्ष्म जीव नेहमीच्या औषधांतून निसटतो. मात्र येथे सावधगिरीही हवी. जनुकीय पद्धतीची आधुनिक तपासणी मृत जंतूंचे अवशेषही टिपते. उपचारानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत ती केल्यास रोग गेलेला असतानाही अहवाल सदोष येऊ शकतो, आणि घाबरलेला रुग्ण पुन्हा गोळ्यांच्या चक्रात सापडतो.

तिसरे कारण, आणि आपल्या देशात कधीही न विसरण्यासारखे, म्हणजे क्षय. जननेंद्रियांचा क्षय पुष्कळदा अधिवृषणातच प्रकट होतो. शुक्रवाहिनी गाठीगाठींची लागते, लघवीत पू असतो पण साध्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाही, आणि प्रतिजैविकांचा कोर्सांवर कोर्स होऊनही सूज तशीच राहते. ‘गुप्तरोगाचा जुना आजार’ असा शिक्का बसलेल्या मनुष्याचा खरा रोग क्षय निघावा आणि सहा महिन्यांच्या क्षयोपचाराने तो बरा व्हावा, ही काही दुर्मीळ कथा नव्हे. चौथे कारण हत्तीरोग. त्याचे कृमी ज्या लसिकावाहिन्यांत राहतात त्या वृषणरज्जूतून जातात; त्यामुळे वारंवार ताप, रज्जूची सूज आणि वेदना होते. निदानासाठी रक्त रात्री घ्यावे लागते, कारण कृमींची पिले रात्रीच रक्तात संचार करतात. सुश्रुतांनी श्लीपद आणि वृद्धी शेजारी मांडली ती उगाच नव्हे. याखेरीज फुगलेल्या शिरा, अंतर्गळ, मूत्रवाहिनीतील खडा, प्रॉस्टेटचा जीर्ण दाह, कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूवरील दाब, आणि तरुण वयात होणारा वृषणाचा कर्करोग, हे सारे याच वेशात येऊ शकतात. कर्करोग बहुधा न दुखणाऱ्या घट्ट गाठीच्या रूपाने येतो. पण दुखते आहे म्हणून तो नाहीच, असे म्हणता येत नाही. आणि एक गोष्ट तर प्रत्येक घरात ठाऊक असावी : वृषण एकाएकी, काही मिनिटांत, असह्य दुखू लागले, वर ओढले गेले आणि ओकारी आली, तर वृषणाला पीळ पडल्याची शंका घेऊन त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे; साधारण सहा तासांनंतर ते वृषण वाचविणे उत्तरोत्तर अवघड होते. जुन्या दुखण्याच्या सबबीखाली ही नवी कळ अंगावर काढू नये.

हे सर्व तपासूनही काही सापडले नाही, तर? येथपर्यंत आलेले रुग्ण थोडे नसतात, आणि दुसऱ्या निवाड्याचे, म्हणजे ‘मनाचे दुखणे’ या निवाड्याचे, बळी हेच. दाह ओसरल्यावर अधिवृषणात व्रणतंतू राहतात, निसटलेल्या शुक्राणूंभोवती बारीक गाठी धरतात, आणि महिनोन्महिने उत्तेजित राहिलेले मज्जातंतू लहानशा स्पर्शालाही वेदनेचा अर्थ देऊ लागतात; पुढे मज्जारज्जूतच ही अतिसंवेदना मुरते. दुखण्याच्या भीतीने मनुष्य ओटीपोटाचे आणि गुदद्वाराभोवतीचे स्नायू नकळत आवळून धरतो, आणि ते आवळलेले स्नायू स्वतःच दुखू लागतात. ही वेदना कल्पित नाही. तिचे स्थान जंतूंतून मज्जातंतूंत सरकलेले आहे, इतकेच. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या अशा दुखण्याला वैद्यक जीर्ण वेदनेचा स्वतंत्र विकार मानते आणि त्यावर स्वतंत्र इलाज सांगते : अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन अथवा गॅबापेंटिनसारखी मज्जातंतूंवरील औषधे, ओटीपोटाच्या स्नायूंना सैल करण्याचे भौतिकोपचार, गरम पाण्याचा शेक, आणि निवडक रुग्णांत वृषणरज्जूला बधिर करणारे इंजेक्शन. त्या इंजेक्शनाने तात्पुरता पूर्ण आराम पडला, तर सूक्ष्मदर्शकाखाली रज्जूतील बारीक मज्जातंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. वृषणच काढून टाका, अशी विनवणी काही रुग्ण जेरीस येऊन करतात. पण वृषण गेल्यावरही वेदना मागे राहिल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तो मार्ग अगदी शेवटचा.

मनाचा भाग नाही असे मी म्हणत नाही. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात’ जाण्याच्या भयाने पछाडलेल्या भारतीय पुरुषांचे वर्णन करून त्या अवस्थेला नाव दिले. आपल्या समाजात जननेंद्रियाचे दुखणे आणि पापाची जाणीव यांची गाठ इतकी घट्ट आहे, की दुखणे हेच कृतकर्माचे फळ असे रुग्ण मानतो आणि ते भोगून संपविण्याची वाट पाहतो. या अपराधभावनेने वेदना वाढते, हे खरे. परंतु वाढलेल्या वेदनेलाही आरंभी एक शारीरिक बीज होते, हे विसरून त्याला घरी पाठविणे म्हणजे फिर्यादीलाच आरोपी करणे होय.

मग हा मनुष्य जातो कोठे? रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंतींवर आणि एस. टी. स्थानकांच्या मुताऱ्यांवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ या अक्षरांत ज्यांचे पत्ते रंगविलेले असतात, त्यांच्याकडे. तेथे त्याला हजारो रुपयांच्या भस्मांच्या पुड्या मिळतात, आणि त्याहूनही दुःखाची गोष्ट अशी, की त्याचे म्हणणे तेथे निदान ऐकून घेतले जाते. वास्तविक राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून लैंगिक संसर्गाच्या रोगांसाठी स्वतंत्र केंद्रे चालविली जातात. ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने ती ओळखली जातात, औषधांची रंगवार किटे तेथे मोफत मिळतात, आणि मूत्रमार्गातील स्रावासाठी असलेल्या करड्या किटात अझिथ्रोमायसिन व सेफिक्झिम यांची एकवेळची मात्रा असते. ही योजना उत्तम आहे. पण अधिवृषणापर्यंत चढलेल्या संसर्गाला एकवेळची मात्रा पुरत नाही, दीर्घ मुदतीचा कोर्स लागतो, आणि रुग्ण जर सूज लाजेने न सांगता फक्त ‘जळजळ’ सांगेल तर त्याला अपुरे औषध मिळते. आंब्याच्या बागांत राखणीला राहणारे नेपाळी गडी आणि बोटींवरचे परप्रांतीय खलाशी यांची तर भाषेचीच पंचाईत. त्यांच्यापर्यंत हे ज्ञान त्यांच्या बोलीत पोचविणे हे बागायतदार आणि बोटमालक यांचेही कर्तव्य आहे.

आता शेवटची काही विधाने, मुख्यतः समोर बसलेल्या माझ्या तरुण व्यवसायबंधूंना उद्देशून. केसपेपरावर औषधांच्या नावांबरोबर तीन तारखा लिहा : रुग्णाचा उपचार कधी पुरा झाला, त्याच्या जोडीदाराचा कधी झाला, आणि फेरतपासणी कधी होणार. जोडीदार म्हणजे गेल्या दोन महिन्यांत संबंध आलेली प्रत्येक व्यक्ती. तीन महिन्यांनी पुनःसंसर्गासाठी तपासणी करा. पुराव्यावाचून प्रतिजैविकांचा दुसरा कोर्स देऊ नका, आणि तपासणीवाचून ‘काही नाही’ हे शब्द उच्चारू नका. पत्नीशी बोलावयाचे ते रुग्णाच्या संमतीने, पण तशी संमती मिळविण्यासाठी खटपट मात्र अवश्य करा. कारण रोग तिच्याही शरीरात आहे आणि तिच्यावर उपचार होणे हा तिचा स्वतंत्र हक्क आहे, पतीच्या दुखण्याचा तो उपविषय नव्हे.

आणि ज्यांना हे दुखणे आहे, त्यांना एवढेच सांगावयाचे : दुखणे लांबले म्हणजे रोग उरलाच असे नाही, आणि रोग उरला नाही म्हणजे दुखणे खोटे असेही नाही. त्या टेबलावर स्ट्रिपा मांडणाऱ्या तरुणाच्या लघवीत पू नव्हता, जंतू नव्हते, क्षय नव्हता. पत्नीवर उपचार झाले, गोळ्यांचे चक्र थांबले, स्नायू सैल करण्याचे व्यायाम आणि मज्जातंतूंवरील एक साधे औषध सुरू झाले, आणि बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या तेव्हा तो कामावर गेला. दुखणे समूळ गेले होते असे नाही. पण ते कशाचे आहे आणि कशाचे नाही, हे त्याला ठाऊक झाले होते, आणि ज्याचे कारण कळले आहे ते दुखणे घेऊन मनुष्य काम करू शकतो. प्रत्येक रुग्णाला पूर्ण आराम देणे वैद्यकाला आज शक्य नाही. प्रत्येकाला तपासून, कारणांसह, समजेल अशा भाषेत उत्तर देणे मात्र शक्य आहे, आणि ते त्याला न मागता मिळावे, एवढी एक रीत या जिल्ह्यातील दवाखान्यांत पडावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.